बेल वाजल्यानंतरचे चार परिच्छेद

शर्वरी, ही दुरुस्ती आहे. तीन वर्षं उशिरा आलेली.

दुरुस्ती लिहिण्याचा एक शिरस्ता असतो. चूक कुठे झाली ते सांगायचं, बरोबर काय ते सांगायचं, दिलगिरी व्यक्त करायची आणि थांबायचं. चार ओळींच्या वर दुरुस्ती जात नाही. ही जाईल. तू कशाने गेलीस, किती दिवस आजारी होतीस, मागे कोण कोण आहे, हे सगळं आखातातल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुझ्या फोटोखाली त्याच दिवशी सांगून झालं. त्या मजकुरात दोन चुका होत्या. एक तुझ्या हुद्द्याची. दुसरी शेवटच्या वाक्यात होती: 'त्यांची "तेविसावा मजला" ही गोड बालकथा आपल्या सर्वांच्या स्मरणात राहील.'

ती बालकथा नव्हती. गोडही नव्हती. ती तशी झाली, कारण मंडळाच्या दिवाळी अंकात छापताना मी तिचा शेवट कापला.

तुझं काम आधी सांगतो, कारण आपल्या भांडणाचं मूळ तिथे आहे. तू मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतीस. ग्रुपवर 'ऑफिस असिस्टंट' असं आलं. हे काम काय असतं ते मला तूच समजावलंस, आपली पहिली ओळख झाली त्या संध्याकाळी, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत. ड्रॉइंग बदललं की नवी रिव्हिजन निघते. मग जुन्या प्रत्येक कॉपीवर लाल शिक्का मारायचा, 'सुपरसीडेड', म्हणजे रद्द, आणि ती परत मागवायची. "एक जरी जुनी कॉपी वर्कशॉपमध्ये राहिली ना," तू म्हणालीस, "तर तो बिचारा फोरमन त्याच मापाने लोखंड कापतो. त्याची चूक नसते हो. त्याला जे मिळालं ते त्याने वाचलं."

मी म्हणालो, "आमच्या पेपरात जुनी कॉपी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते."

"म्हणूनच तुमचं लोखंड वाकडं असतं," तू म्हणालीस. मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होतो आणि आपण पाच मिनिटांपूर्वी भेटलो होतो.

त्यानंतर तू मला 'संपादक' म्हणायला लागलीस. अहो संपादक. मुंबईत आणि मग इथे मिळून मी सत्तावीस वर्षं वर्तमानपत्रांच्या डेस्कवर बातम्या तपासण्यात काढली, पण कुणी मला त्या नावाने हाक मारली नव्हती. मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे आलं ते नंतर. तू आधीच पदवी देऊन टाकली होतीस.

जपानी पुस्तकांकडे तू वळलीस ती तुझ्या लेकीमुळे, ओवीमुळे. ओवी तेव्हा सात वर्षांची. रीम आयलंडवरच्या तुमच्या तेविसाव्या मजल्यावरच्या घरात शुक्रवारी दुपारी मी जेवायला आलो होतो. निखिल रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यातून यायचा होता. आठवडाभर तो तिकडे आणि तुम्ही दोघी इकडे, असा तुमचा संसार होता. ओवी सोफ्यावर उभी राहून टीव्हीसमोर गिरक्या घेत होती. पडद्यावरच्या जपानी कार्टूनमध्ये एक शाळकरी मुलगी गिरकी घेत होती, रिबिनी उडत होत्या आणि तिचा साधा गणवेश चमचमत्या झग्यात बदलत होता. खांद्यावर एक बोलणारं जनावर.

तू पोळ्या लाटता लाटता मला त्या प्रकाराचे नियम सांगितलेस. मुलगी बारा-तेराची. एक गोंडस प्राणी येऊन सांगतो की तूच ती निवडलेली. तो तिला एक वस्तू देतो. गिरकी, नवा पोशाख, राक्षस, विजय. आणि सगळं आटोपून ती जेवायच्या वेळेला घरी. घरी कुणाला पत्ता नसतो.

"गोड आहे," मी म्हणालो.

"गोड आहे का?" तू लाटणं थांबवलंस. "एक अनोळखी कुणीतरी बारा वर्षांच्या मुलीला गाठतं. आईबाबांना सांगू नकोस म्हणतं. भेटवस्तू देतं. मग तिच्याकडून काम करून घेतं. संपादक, ही बातमी तुमच्याकडे आली असती तर कुठल्या पानावर लावली असती?"

ओवी म्हणाली, "आई, यू आर रुइनिंग इट."

पुढे तुला समजलं की हेच प्रश्न तिकडच्या लेखकांनाही पडले होते. मॉलमधल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात, मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, रंगीत भिंतीच्या टोकाला, तुला इंग्रजीत आलेल्या जाडजूड जपानी कादंबऱ्या मिळाल्या. त्यांत हीच मुलगी होती, हाच प्राणी, हीच गिरकी, पण नियम आतून उलटे केलेले. प्राणी गोड बोलतो, कारण त्याचा फायदा आहे. शक्ती मिळते, पण अंगावरचं, मनातलं काहीतरी काढून घेऊन. आणि गोष्ट घडते ती परीराज्यात नाही. स्टेशनच्या पुलाखाली, चोवीस तास उघड्या दुकानाच्या मागे, शाळेच्या गच्चीवर. शहराला काही कळत नाही. शहर सकाळी कामाला जातं.

त्यातली तीन पुस्तकं तू मला वाचायला दिलीस. मी डेस्कवरच्या माणसासारखी वाचली, समासात पेन्सिलने खुणा करत. परत करताना माझं मत सांगितलं: लहान मुलींना इतके हाल होऊन मरायला लावायचं आणि मोठ्यांनी ते वाचायचं, यात मला काही बंड दिसत नाही. झगा काढून रक्त लावलं, एवढंच. विक्रीचा माल तोच.

तू रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "दोन पुस्तकांबद्दल खरं आहे. तिसऱ्याबद्दल नाही. तिसरं तुम्ही नीट वाचलेलं नाही." मग थोड्या वेळाने: "अंधार म्हणजे रक्त नव्हे हो. कुणीतरी मुलीशी गोड बोलतंय, आणि मोठी माणसं ते ऐकून 'किती गोड' म्हणतायत, तो अंधार. मी लिहीन ना, तर माझ्या गोष्टीत कुणी मरणार नाही. एक थेंब रक्त नसेल."

ही तुझी भूमिका मी इथे शब्दशः देतो आहे, कारण तुझ्या कथेबद्दल एवढं बोलणं झालं आणि हे कुणी विचारलं नाही.

'तेविसावा मजला' तू मुसफ्फाच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिलीस, ऑफिसच्या लॅपटॉपवर, चार महिने. मुलीचं नाव रेवा. वय बारा. टॉवर तुमचाच. प्राणी म्हणजे पार्किंगमधलं मांजर, कानाचं टोक कापलेलं. इथल्या नसबंदी केलेल्या मांजरांचं असतं तसं. राक्षस तळघरातल्या एसीच्या चिलर प्लांटमधून येतो आणि टॉवरमधला गारवा खातो. तू जादूची छडी ठेवली नाहीस. रेवाच्या गळ्यात स्कूल बसचं कार्ड आहे. ते हातात धरून ती गिरकी घेते.

आणि दर गिरकीला एक माणूस तिला विसरतो.

हे तू कथेत कुठेच सांगितलं नाहीस. फक्त दाखवलंस. पहिल्या लढाईनंतर लॉबीतला वॉचमन रेवाला विचारतो, "कौन से फ्लॅट में जाना है, बेबी?" ती हसते. दुसऱ्या लढाईनंतर बसमधल्या बाई यादीत तिचं नाव शोधत राहतात. तिसऱ्यानंतर बसमध्ये शेजारी बसणारी मैत्रीण तिला हात पुढे करून स्वतःचं नाव सांगते. मांजर प्रत्येक वेळी म्हणतं, छान केलंस, रेवा. शेवटच्या लढाईत चिलर वाचतो, दिवे येतात, रेवा लिफ्टने वर जाते, धावत दारापाशी पोचते.

'तिने बेल वाजवली.'

अंकात कथा इथे संपली. तुझ्या कथेत पुढे चार परिच्छेद होते. ते एकशे चौपन्न शब्दांचे होते. आता मोजले.

ते कसे गेले ते सांगतो. पानं छपाईला जायच्या दिवशी दुपारी अर्ध्या पानाची जाहिरात आली, गोठवलेल्या ओल्या नारळाच्या करंज्यांची. जाहिरात देणारे मंडळाचे जुने आधारस्तंभ. तुझी कथा शेवटच्या पानावर उतरत होती. वृत्तपत्रात बातमी अशी लिहितात की सगळ्यात महत्त्वाचं वर आणि बाकीचं उतरत्या क्रमाने खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. वाचावं लागत नाही, विचारावं लागत नाही, लिहिणाऱ्याला वाईट वाटत नाही. सत्तावीस वर्षं मी रोज खालून कापत होतो. त्या दुपारीही मी खाली गेलो, शेवटाकडून वर आलो आणि जे वाक्य शेवटासारखं वाटलं तिथे थांबलो. कथेचा पहिला खर्डा मी सहा महिन्यांपूर्वी वाचला होता. त्यात शेवट वेगळा होता. हा अंतिम खर्डा मी शेवटपर्यंत वाचला नव्हता.

तुला फोन करायला वेळ होता. मी केला नाही.

अंक आला. मंडळाच्या सांस्कृतिक विभागाच्या देशमुख वहिनींनी तुला पाडव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर मिठी मारली. "काय गोड लिहिलंयस गं! तो वॉचमन, त्या बसमधल्या बाई, हसून हसून पुरेवाट झाली आमची. आणि शेवटी आईकडे धावत जाते ना, तिथे तर मला रडूच आलं." तू वहिनींना म्हणालीस, "थँक्यू." मग माझ्याकडे पाहिलंस. तू अजून अंक उघडला नव्हतास. त्यांच्या हातातून घेतलास, शेवटचं पान काढलंस. करंज्यांच्या जाहिरातीवर तुझं बोट थांबलेलं मला दिसलं.

"जागेचा प्रश्न होता," मी म्हणालो.

"हो का," तू म्हणालीस.

आठवडाभर तू बोलली नाहीस. मग फोन केलास, कामाच्या वेळात. मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता. तू ओरडत नव्हतीस, पण ग्राइंडरमुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. "आमच्याकडे चुकीची रिव्हिजन बाहेर गेली तर शिक्का मारून परत मागवतात. तुमच्याकडे काय करतात?"

मी सांगितलं की दुरुस्ती तपशिलाच्या चुकीसाठी असते. नाव चुकलं, आकडा चुकला. कथेची दुरुस्ती कोणी छापत नाही. मग मी एक वाईट गोष्ट केली. मी चुकीला शहाणपणाचा मुलामा दिला. म्हणालो, "आणि खरं सांगू का, शेवट उघडा राहिला ते बरंच झालं. वाचकाला जागा मिळते."

"जागा वाचकाला नाही मिळाली, संपादक. करंज्यांना मिळाली."

मला हसू आलं. तुलाही आलं असावं, कारण क्षणभर तू थांबलीस. मग जे म्हणालीस त्यात हसू नव्हतं. "ही सगळी पुस्तकं कशावर उभी असतात माहीत आहे? करारावर. वर मोठ्या अक्षरात झगा, रिबिनी. खाली बारीक अक्षरात काय द्यावं लागेल ते. प्राणी काय करतो? वरचं वाचून दाखवतो. खालचं नाही. तुम्ही नेमकी खालची अक्षरं कापलीत. माझ्या गोष्टीतलं मांजर आहात तुम्ही."

मी फोन ठेवला. शर्वरी, मी आयुष्यात फार थोड्यांचे फोन मध्येच ठेवले आहेत.

पुढच्या गणपतीत वहिनींनी तुझ्या कथेचं नाटक बसवलं. मुलांची उंची बघून भूमिका वाटल्या. ओवी तेव्हा बारा वर्षांची, रेवाएवढी. तिला रेवा दिली, तर ती म्हणाली, "आय विल बी द कॅट." बसचं कार्ड काढून टाकून वहिनींनी टिकल्या लावलेली छडी आणली. चंदेरी झगा शिवून आणला. शेवटी बेल वाजली, दार उघडलं, आई झालेल्या मुलीने रेवा झालेल्या मुलीला कुशीत घेतलं आणि सगळा हॉल उभा राहिला. मी तुझ्या मागच्या रांगेत होतो. तू टाळ्या वाजवत होतीस. बराच वेळ वाजवत होतीस. रंगमंचाच्या कडेला ओवी मांजराचे कान लावून उभी होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

ज्या कथेने एका ठराविक साच्याला उलटं केलं होतं, ती माझ्या हातून परत त्याच साच्यात जाऊन बसली. झग्यासकट. वहिनींचा यात दोष नाही. त्यांना जे मिळालं ते त्यांनी वाचलं.

दुरुस्ती द्या असं तू पुन्हा म्हणाली नाहीस. तू फक्त मजकूर मागितलास. तीनदा.

पहिल्यांदा त्या नाटकानंतर, पार्किंगमध्ये. तुझ्या कंपनीने लॅपटॉप बदलले होते, जुने पुसून परत घेतले होते. कथा तू मला ऑफिसच्या मेलवरून पाठवली होतीस आणि जुने मेलही गेले होते. "पुन्हा लिहून बघितला शेवट," तू म्हणालीस. "नाही जमत. ती रिव्हिजन बी होते. मला ए हवी. तुमच्याकडे असेल ना हो कुठेतरी?" मी म्हणालो, "शोधतो."

दुसऱ्यांदा फोनवर, तुझे रिपोर्ट आल्यानंतर. तू रिपोर्टबद्दल दोन वाक्यं बोललीस आणि मग मजकुराबद्दल विचारलंस. मी म्हणालो, "शोधतो. तू आधी बरी हो."

तिसऱ्यांदा हॉस्पिटलमध्ये. दुपारची भेटायची वेळ. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे एसीचे पंखे दिसत होते, ओळीने. तू त्यांच्याकडे बघत म्हणालीस, "ते बघा, माझे राक्षस." निखिल खाली औषधं आणायला गेला होता. "सापडलं?"

"शोधतोय."

"तुमचं 'शोधतोय' म्हणजे आमच्या व्हिसाची कामं करणाऱ्या पीआरओचं 'इन्शाल्ला'," तू म्हणालीस आणि हसलीस, मग खोकलीस. खोकला थांबायला वेळ लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तू एक घोट घेतलास. "जाऊ दे. नाही सापडलं तर राहू दे. शेवट ओवीला माहीत आहे. तिला मी तोंडी सांगितलाय."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथे नोंदवतो.

शोकसभा मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये झाली. बोलणाऱ्यांनी तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. मग वहिनी तुझी कथा वाचायला उभ्या राहिल्या. चांगलं वाचतात त्या. लिफ्ट वर गेली, रेवा धावली. "तिने बेल वाजवली," असं म्हणून वहिनींनी अंक मिटला आणि डोळ्यांना रुमाल लावला. पुढच्या दोन रांगांत सगळ्यांनी लावला. एकजण म्हणाला, "आता आईच्या कुशीत गेली." तो रेवाबद्दल बोलत होता की तुझ्याबद्दल, कळलं नाही.

ओवी माझ्या शेजारी बसली होती. ती हळू म्हणाली, "दॅट्स नॉट द एंड, काका."

"माहीत आहे."

"देन व्हाय डिडन्ट यू से?"

चौदा वर्षांच्या मुलीच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कारण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी जुना संगणक लावला. डेस्कवरच्या माणसाला एक सवय असते: कापलेला मजकूर टाकायचा नाही, बाजूला ठेवायचा. उद्या जागा झाली तर लागतो. प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये माझी 'उरलेलं' नावाची एक फाइल असते. त्या अंकाची होती. त्यात एका पाककृतीच्या तीन ओळी, अध्यक्षांच्या मनोगताचा एक परिच्छेद आणि तुझे चार परिच्छेद होते.

अकरा मिनिटं लागली. त्यातली सात संगणक सुरू व्हायला.

तेव्हा तू नव्हतीस. तू मागत होतीस तेव्हाही ते तिथेच होते, आणि ते तिथे असणार हे मला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ज्याची सवय आहे ते माणूस विसरत नाही. मी शोधलं नाही, कारण सापडलं असतं. सापडलं असतं तर छापावं लागलं असतं, आणि वर लिहावं लागलं असतं की चूक संपादकाची. एवढंच कारण. बाकी मी तुला दिलेली आणि स्वतःला दिलेली कारणं सुपरसीडेड.

मी ते चार परिच्छेद तेव्हा पहिल्यांदा वाचले. वाचून झाल्यावर हातात फोन घेतला आणि तुझा नंबर काढला. मग लक्षात आलं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं आहे. तू म्हणायचीस, या काळ्या गोष्टी त्या मुलीचा अपमान करत नाहीत, उलट तिला मान देतात. तिने काय दिलं याचा हिशोब ठेवणारं निदान कुणीतरी एक असतं, लिहिणारं. मी म्हणायचो, मान देऊन काय उपयोग, ती सुटत तर नाही. आता तू म्हणाली असतीस, 'बघा, सुटत नाहीच. म्हणूनच हिशोब ठेवायचा.' आणि मी ते मान्य केलं असतं. त्या तिसऱ्या पुस्तकाबद्दलही तुझंच बरोबर होतं. मी ते पुन्हा वाचलं. समासात माझ्या खुणा पहिल्या अर्ध्या भागातच आहेत.

तुझे आभार कशाबद्दल मानायचे ते सांगितलं तर तू थट्टा करशील. तरी सांगतो. तुझ्यामुळे मी या शहराकडे कथेची जागा म्हणून पाहिलं. वीस वर्षं इथे राहून मला ते एअरपोर्टला जायच्या वाटेवरचं एक मोठं ऑफिस वाटत होतं. तू तळघरातला चिलर दाखवलास, कान कापलेलं मांजर दाखवलंस, पंचेचाळीस अंश उन्हात गार लॉबीत बसून सगळ्यांची नावं पाठ करणारा वॉचमन दाखवलास. मराठीत हे कुणी लिहिलं नव्हतं. तू एकच कथा लिहिलीस, आणि ती मी कापली.

मजकूर मिळाला म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवून दिला. शहाणपणाचं काम नव्हतं. मिनिटभरात परत आला: असा पत्ता अस्तित्वात नाही. पुढच्या आठवड्यात चार परिच्छेद छापून, लिफाफ्यात घालून रीमला गेलो. फ्लॅट तुझ्या कंपनीचा होता, तुझ्यानंतर तो सोडावा लागणार, हे मी विसरलो होतो. लॉबीतल्या वॉचमनला मी तुझं नाव सांगितलं. तो नवा होता. त्याने यादी काढली, बोट खाली आणलं, पुन्हा वर नेलं. "तेवीस पे? ये नाम नहीं है, सर. पक्का यही टॉवर है?"

मी लिफाफा घेऊन बाहेर आलो. एक गिरकी, एक माणूस. तुझी कथा मला तिथे, पार्किंगमध्ये, समजली.

ओवी आता रास अल खैमाला आहे, निखिलकडे. तिला मजकूर फोनवर पाठवला. तिचं उत्तर आलं: मिळालं, पण मला देवनागरी भरभर वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवाल का? मी फोन लावला आणि वाचलं. मी वाईट वाचतो, बातमी वाचल्यासारखं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "येस. दॅट्स द वन." पलीकडे कारखान्याच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग मराठीत म्हणाली, "आई दार उघडते ना, तिथे आई आवाज काढायची. अनोळखी बाईचा. मी लहान होते तेव्हा रडायचे, म्हणून पुढे नाही काढायची."

"मग शेवटी?"

"हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, काढ. शी डिड इट वन्स."

मी पुढे काही विचारलं नाही. बातमीदाराने विचारलं असतं.

या अंकाचं संपादन आता माझ्याकडे नाही. नव्या संपादकांनी मला पानांची मर्यादा कळवली आहे आणि हा लेख तिच्या बाहेर जाईल असं दिसतं. त्यांना एकच विनंती आहे. जाहिरात आली, जागा कमी पडली, तर हा लेख वरून कापावा. माझं काहीही गेलं तरी चालेल. खालून कापू नये.

'तेविसावा मजला' या कथेचा शेवट अंकात छापला गेला नव्हता. चूक तेव्हाच्या संपादकाची, म्हणजे माझी. तो शेवट असा:

दार आईने उघडलं. तिच्या हाताला कणीक होती. रेवा हसली, कारण आता सगळं संपलं होतं. तळघर शांत होतं, दिवे आले होते, आणि आज शुक्रवार होता, म्हणजे बाबा यायचे होते.

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने चेहऱ्यावर ते हसू आणलं, जे ती लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसाठी ठेवते. "यस, बेटा? विच फ्लॅट?" रेवा म्हणाली, "आई." मराठी ऐकून आईचा चेहरा खुलला. "अगंबाई, मराठी का तू? नवीन आलात? आणि आई हरवली होय तुझी? घाबरू नकोस हं. मी खाली वॉचमनला विचारते."

लिफ्टचं दार रेवाच्या मागे मिटलं. आत मांजर होतं. आकडे उतरत गेले आणि अठरावर थांबले. अठराव्या मजल्यावर कोण राहतं ते रेवाला माहीत होतं. बसमध्ये ती मुलगी रोज तिच्या शेजारी बसायची.

"भैया, किसी की बच्ची आयी है," आई इंटरकॉमवर सांगत होती. "हां, बहुत प्यारी है." मग ती रेवाकडे वळली. "येतील हं तुझे घरचे. तोवर आत ये." भिंतीवर शाळेच्या फोटोचा खिळा तेवढा होता. ओट्याशी रेवाचा स्टीलचा पेला उपडा घातलेला होता. आईने तो बाजूला सारला, कपाट उघडलं, आणि तिला पाणी दिलं. पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात.